मरळ मासेमारी

मरळ मासेमारी म्हणजे गोड्या पाण्यातील मरळ या शिकारी माशाला गळ, आमिष किंवा जाळे वापरून पकडण्याची क्रिया होय. भारतात नद्यांचे डोह, गावतलाव, पाझर तलाव, धरणांचे जलाशय आणि पाणथळ शेते अशा सर्व ठिकाणी ती चालते. महाराष्ट्रात वऱ्हाडातील अकोला व अमरावती जिल्ह्यांत मरळ हा गळाने मासे धरणाऱ्यांचा विशेष आवडता मासा आहे. तो दबा धरून भक्ष्यावर झडप घालतो, गळाला लागल्यावर जोराने झुंजतो आणि पाण्याबाहेर काढल्यावरही बराच वेळ जिवंत राहतो.

मरळ पकडण्याच्या बहुतेक सर्व पद्धती त्याच्या दोन सवयींवर उभ्या आहेत. हवा घेण्यासाठी त्याला वारंवार पृष्ठभागावर यावे लागते, आणि विणीच्या काळात तो आपल्या पिल्लांजवळून हलत नाही. या सवयींमुळे जाणकाराला त्याचा ठावठिकाणा सहज कळतो. पिल्ले राखणारा मासा पकडला गेला, तर त्याच्या मागची सबंध वीण नष्ट होऊ शकते. म्हणून या मासेमारीत कोणत्या काळात गळ टाकू नये, हे ठाऊक असणे गळ टाकण्याच्या कौशल्याइतकेच महत्त्वाचे आहे.

नाव आणि जाती

मरळ हे नाव 'चन्ना' या प्रजातीतील माशांना दिले जाते. या माशांचे डोके वरून चपटे असून त्यावर सापाच्या डोक्यासारखे मोठे खवले असतात. त्यामुळे इंग्रजीत त्यांना सर्पमुखी मासे म्हणतात. वऱ्हाडी बोलीत 'ळ' च्या जागी 'य' उच्चारला जातो, त्यामुळे मासोळीची तेथे 'मासोयी' होते.

महाराष्ट्रात या प्रजातीतील पुढील जाती प्रामुख्याने आढळतात.

साधा मरळ (चन्ना स्ट्रायटा) : पाठीचा रंग काळपट किंवा गडद तपकिरी, पोट पांढुरके आणि बाजूंवर तिरपे पट्टे. ब्लॉख या जर्मन शास्त्रज्ञाने 1793 मध्ये या जातीचे वर्णन केले. तलावांत व चिखलाच्या पाण्यात हीच जात अधिक मिळते. तेलंगण राज्याने याच माशाला 'कोरमीनू' या तेलुगू नावाने राज्य मासा म्हणून मान्यता दिली आहे.

फुलमरळ (चन्ना मारुलियस) : शेपटीच्या बुडाशी डोळ्यासारखा गोल ठिपका असतो. हॅमिल्टन याने 1822 मध्ये या जातीचे वर्णन केले. खोल डोह आणि मोठे जलाशय हे तिचे ठिकाण असून ती 1 मीटरपेक्षाही लांब वाढू शकते.

लहान जाती : चन्ना पंक्टाटा आणि चन्ना गाचुआ या जाती वीतभर लांबीच्या आसपास राहतात. त्या ओढे, नाले व भातखाचरांत सापडतात. डोकऱ्या हे नाव अशा लहान मरळांना अनेक ठिकाणी दिले जाते.

प्रदेश आणि पाणी

अकोला जिल्ह्याच्या दक्षिण भागातील बार्शीटाकळी तालुका डोंगराळ व चढउताराचा आहे. वाशिम जिल्ह्यातील टेकड्यांत उगम पावणारी काटेपूर्णा नदी येथून उत्तरेकडे वाहत जाऊन पूर्णेला मिळते. पूर्णा पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीला मिळते. म्हणजे बार्शीटाकळीच्या नाल्यांतील पाणी अखेरीस तापी खोऱ्याचे असते.

काटेपूर्णा नदीवर तालुक्यातील महान येथे मातीचे धरण असून त्याचा उपयुक्त जलसाठा 86.35 दशलक्ष घनमीटर आहे. अकोला शहराला पिण्याचे पाणी याच जलाशयातून मिळते. जलाशयाच्या परिसरात 1988 मध्ये काटेपूर्णा अभयारण्य घोषित झाले. याशिवाय दगडपारवा प्रकल्प, लहानमोठे पाझर तलाव व गावतलाव तालुक्यात आहेत.

या प्रदेशातील पाण्याचे वार्षिक चक्र मरळाला अनुकूल आहे. पावसाळ्यात नाले भरून वाहतात आणि उन्हाळ्यात पाणी आटून केवळ डोह उरतात. उथळ, तापलेल्या आणि कमी प्राणवायू असलेल्या अशा पाण्यात रोहू किंवा कटला तग धरू शकत नाहीत. मरळ मात्र हवेवर श्वास घेत जगतो. तळे पूर्ण आटू लागले, तर ओलसर चिखलात शिरून तो काही काळ काढू शकतो.

माशाचा स्वभाव

श्वसन. मरळाच्या डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूस एक पोकळी असते. तिच्या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या अस्तरातून हवेतील प्राणवायू शोषला जातो. प्रौढ मरळाला केवळ कल्ल्यांवर जगता येत नाही. तो ठरावीक अंतराने वर येतो, तोंडाने हवा घेतो आणि पुन्हा खाली जातो. पाण्याखाली जाळ्यात अडकून त्याला वर येता आले नाही, तर पाण्यातला हा मासा पाण्यातच गुदमरून मरतो. शांत पाण्यावर अचानक उठणारे वर्तुळ आणि त्यामागून येणारे एकदोन बुडबुडे ही मरळाची खूण मानली जाते.

शिकार. मरळ पूर्णतः मांसाहारी आहे. बेडूक, लहान मासे, झिंगे, पाणकिडे आणि प्रसंगी स्वतःच्याच जातीची पिल्ले हे त्याचे खाद्य होय. भक्ष्याचा दूरवर पाठलाग करण्यापेक्षा तो कमळाची पाने, पाणगवत, बेशरमीची झुडुपे किंवा बुडालेली खोडे यांच्या आडोशाला स्थिर राहतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की एका झेपेत ते गिळतो.

वीण. पावसाळ्याच्या आरंभी पाणी चढू लागले की मरळ उथळ काठाकडे येतो. नर व मादी पाणगवतात थोडी जागा मोकळी करतात. तेथे मादी अंडी घालते. पिवळसर रंगाची ही काही हजार अंडी पाण्यावर तरंगतात व साधारण एक ते दोन दिवसांत फुटतात. नर, आणि पुष्कळदा मादीही, अंड्यांखाली पहारा देत राहते. बाहेर पडलेली पिल्ले तांबूस-नारिंगी रंगाची असून ती एकत्र थवा करून पृष्ठभागाजवळ फिरतात. पुढे साधारण महिनाभर आईबापांपैकी एक किंवा दोघेही या थव्याखाली असतात व जवळ येणाऱ्या कोणत्याही प्राण्यावर चालून जातात. पिल्लांचा रंग गडद होऊ लागला की थवा विखुरतो.

इतिहास

भारतात मासेमारीचे नियमन फार जुने आहे. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात काही जलचरांना अभय दिलेले आहे. शिवाय चातुर्मासाच्या पौर्णिमा आणि काही अन्य ठरावीक तिथींना मासे मारणे व विकणे निषिद्ध ठरवलेले आहे. विशिष्ट काळ मासे न मारण्याचा हा नियम विज्ञानापेक्षा धर्माच्या आधाराने घातलेला असला, तरी ठरावीक दिवशी माशांना मोकळे सोडण्याची कल्पना त्यात स्पष्ट दिसते.

गळाच्या मासेमारीचे सविस्तर वर्णन कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कारकीर्द 1126 ते 1138) याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात आढळते. त्यातील 'मत्स्यविनोद' या भागात माशांचे प्रकार, त्यांना खाद्य घालून एका जागी आणण्याची रीत, काठी, दोरी आणि निरनिराळ्या माशांसाठी आमिषे यांची माहिती दिली आहे. सोमेश्वराची राजधानी कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. विसाव्या शतकात मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या भागाचा अभ्यास करून तो आधुनिक वाचकांपुढे आणला.

ब्रिटिश काळात हेन्री सलिव्हन टॉमस या अधिकाऱ्याचा भारतातील गळमासेमारीवरील इंग्रजी ग्रंथ 1873 मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रान्सिस डे याचा भारतीय माशांवरील बृहद्ग्रंथ 1875 ते 1878 या काळात खंडशः निघाला. त्यापूर्वी 1839 मध्ये कर्नल साइक्स याने दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले होते. या साहेबी लेखनाच्या कितीतरी आधीपासून भोई, ढिवर, कहार इत्यादी समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले ज्ञान नदीकाठी प्रचारात होते. ते लिहिलेले नसले, तरी कोणत्या डोहात कोणता मासा कोणत्या नक्षत्रात मिळतो, याचा तपशील त्यात असे.

साधने

काठी. वऱ्हाडात पारंपरिक काठी बांबूची असते. टोकाकडे निमुळती, लवचीक आणि सुमारे 2 ते 3 मीटर लांबीची काठी निवडतात. मरळ गवतातून ओढून काढावा लागतो, त्यामुळे फार नाजूक काठी उपयोगी पडत नाही. आधुनिक काठ्या काचतंतू किंवा कार्बनतंतूच्या असतात व त्यांना दोरी गुंडाळण्यासाठी रीळ जोडलेले असते.

दोरी. पूर्वी सुताची किंवा अंबाडी-तागाची दोरी वापरत. आता नायलॉनचा एकेरी धागा, म्हणजे तंगूस, सर्वत्र रूढ आहे. तंगूस पाण्यात दिसत नाही, पण ताणला जातो. गवतातील मरळासाठी अनेक बारीक धागे विणून केलेली दोरी अधिक चांगली समजतात. ती ताणली जात नाही आणि गवताचे देठ कापत येते. तिची तोड-क्षमता साधारण 14 ते 23 किलोग्रॅम असावी.

गळ. वऱ्हाडात याला गरी असेही म्हणतात. टोकाच्या आतल्या बाजूस उलटा काटा असतो, त्यामुळे अडकलेला मासा सुटत नाही. गळांच्या क्रमांकाची रीत नवख्याला गोंधळात टाकते. साध्या क्रमांकांत आकडा जसा वाढतो तसा गळ लहान होतो, म्हणजे 10 क्रमांकाचा गळ 4 क्रमांकाच्या गळापेक्षा लहान असतो. याउलट ज्या क्रमांकापुढे तिरपी रेघ व शून्य असते, त्यांत आकड्याबरोबर आकार वाढतो. मोठ्या मरळासाठी 1/0 ते 4/0 आकाराचे गळ वापरतात.

तरंगणारा तुकडा. आमिष ठरावीक खोलीवर राहावे आणि माशाने ते धरल्याचे कळावे, यासाठी दोरीवर हलका तुकडा बांधतात. ज्वारीच्या धांड्याचा तुकडा, पिसाचा दांडा, बाटलीचे बूच किंवा थर्माकोल यांचा त्यासाठी उपयोग होतो.

वजन. आमिष खाली नेण्यासाठी शिशाचे लहान मणी दोरीवर दाबून बसवतात. शिसे विषारी असल्याने ते दातांनी दाबू नये व पाण्यात टाकून देऊ नये.

आमिष. रोहू, कटला, मृगळ या माशांसाठी कणकेचा किंवा पेंडीचा गोळा चालतो, मरळ मात्र त्याकडे वळत नाही. त्याला गांडूळ, झिंगा, लहान मासा किंवा बेडूक लागतो. कृत्रिम आमिषांत पोकळ रबरी बेडूक सर्वांत उपयुक्त ठरला आहे. त्याचे दोन्ही काटे पाठीला चिकटून वरच्या दिशेने वळलेले असतात, म्हणून तो गवतात अडकत नाही. माशाने चावा घेतला की रबर दबते आणि काटे उघडे पडतात. मोकळ्या पाण्यात चमकणारे धातूचे चमचे व फिरते पाते असलेली आमिषे वापरतात.

पद्धती

जिवंत आमिषाची पद्धत. लहान मासा पाठीच्या परामागे, मणक्याला इजा होणार नाही अशा रीतीने गळाला लावतात आणि तरंगणाऱ्या तुकड्याखाली हातभर खोलीवर सोडतात. आमिषाची धडपड मरळाला आकर्षित करते. तुकडा एकदम बुडून बाजूला सरकू लागला की मासा आमिष घेऊन निघाला असे समजावे. अशा वेळी लगेच हिसका दिला, तर आमिष तोंडातून निसटते. क्षणभर दोरी ढिली सोडून मग काठी वर खेचावी लागते.

पृष्ठभागावरील पद्धत. रबरी बेडूक गवताच्या पलीकडे फेकून तो पानांवरून लहान लहान उड्या मारल्यासारखा ओढत आणतात. मोकळी जागा आली की तो काही क्षण तसाच थांबवतात. मरळाची झडप बहुधा याच क्षणी पडते. पाणी फुटल्याचा आवाज ऐकताच हात आपोआप वर जातो आणि नवख्याचा मासा येथेच हुकतो. आवाजावर विसंबू नये, दोरीला वजन जाणवल्यावरच हिसका द्यावा, असे अनुभवी लोक सांगतात.

मुक्कामी गळ. काठावरील खुंटाला किंवा झाडाच्या मुळाला दोरी बांधून संध्याकाळी गळ टाकतात व पहाटे पाहतात. दूरवर एकाच लांब दोरीला अनेक गळ बांधण्याचीही रीत आहे. या पद्धतीत श्रम कमी लागतात, पण लागलेला मासा रात्रभर अडकून राहतो. शिवाय कासव, पाणसाप आणि पाणपक्षीही त्यात सापडतात. त्यामुळे अभयारण्याच्या परिसरात ही पद्धत विशेष हानिकारक ठरते.

जाळी व सापळे. उन्हाळ्यात पाणी कमी झाले की फेकजाळ्याने किंवा बांबूच्या कामट्यांच्या सापळ्यांनी मरळ धरतात. आटत्या डोहात चिखल चाचपून हातानेही तो पकडला जातो.

मासा काढणे व सोडणे. मरळाचे दात तीक्ष्ण असून जबड्याची पकड घट्ट असते. गळ काढण्यासाठी बोटे तोंडात न घालता लांब चिमटा वापरावा. मासा लहान असेल किंवा ठेवायचा नसेल, तर ओल्या हातांनी धरून शक्य तितक्या लवकर पाण्यात सोडावा. कोरड्या हातांनी त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर निघून जातो व जखमेत रोग शिरतो.

ऋतुमान

फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत पाणी घटत जाते आणि मासे मर्यादित जागेत एकवटतात. या काळात पहाटे व सूर्यास्ताच्या सुमारास मरळ काठालगत शिकार करतो. भर दुपारी तो सावलीत किंवा पाणगवताच्या गादीखाली विसावतो. थंडीत त्याची हालचाल मंदावते व आमिषाकडे तो सहसा दुर्लक्ष करतो.

मृग नक्षत्राच्या पहिल्या पावसात नाल्यांना पाणी आले की मासे प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात. यांना चढणीचे मासे म्हणतात. कोकणात व ठाणे परिसरात हाच प्रकार वलगण या नावाने ओळखला जातो. गावोगावी लोक टोपल्या, काठ्या व जाळी घेऊन नाल्यावर जमतात. हे मासे अंडी घालण्यासाठी निघालेले असल्याने त्यातील बहुतेक माद्या गाभोळीने भरलेल्या असतात. एक मादी मारली की तिच्यासोबत हजारो अंडी जातात.

पिल्लांच्या थव्यावरील मासेमारी

आषाढ-श्रावणात तलावाच्या कडेला तांबूस पिल्लांचा थवा दिसला, तर त्याच्या खाली मोठा मरळ असणारच, हे मासे धरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. थव्याच्या मधोमध बेडूक किंवा रबरी आमिष टाकले की राखण करणारा मासा त्यावर तुटून पडतो. त्याला भूक लागलेली नसते, तो पिल्लांवर आलेला शत्रू हटवत असतो. त्यामुळे त्याची झडप चुकत नाही आणि मासा हमखास मिळतो. गळमासेमारीतील ही सर्वांत सोपी आणि सर्वांत घातक युक्ती होय.

राखणारा मासा निघून गेला की थवा उघडा पडतो. इतर मासे, पाणकावळे, बगळे, पाणसाप आणि मोठे पाणकिडे त्यावर तुटून पडतात. हवेवर श्वास घेण्याची इंद्रिये लहान पिल्लांत अजून तयार होत असतात व ती पृष्ठभाग सोडून लपू शकत नाहीत. एका माशाच्या मोबदल्यात पुढील दोन-तीन वर्षांतील अनेक मासे अशा रीतीने गमावले जातात. लहान गावतलावात विणीच्या जोड्या मोजक्याच असतात, त्यामुळे तेथे हे नुकसान लवकर जाणवते.

पिल्लांचा थवा दिसल्यास तेथे गळ न टाकणे आणि चुकून राखणारा मासा लागलाच तर तो त्याच जागी ताबडतोब सोडणे, हा नियम शौकिया मासेमारी करणाऱ्या अनेक जाणत्यांनी स्वतःहून स्वीकारला आहे. मासा लवकर सोडला, तर तो पुन्हा थव्याकडे परतण्याची शक्यता असते. म्हणून छायाचित्रासाठी त्याला दूर नेणे किंवा बराच वेळ पाण्याबाहेर ठेवणे टाळावे.

इतर देशांतील तुलना

उत्तर अमेरिकेत गळमासेमारीसाठी प्रसिद्ध असलेले बास आणि मस्की हे मासे मरळाप्रमाणेच दबा धरणारे शिकारी आहेत. मोठ्या तोंडाचा बास पाणगवतात राहतो. रबरी बेडकाचे आमिष तेथे त्याच्यासाठीच लोकप्रिय झाले आणि पुढे मरळासाठीही उपयोगी ठरले. मस्की हा त्याहून बराच मोठा, लांबट व तीक्ष्ण दातांचा मासा आहे. त्याच्या दातांनी दोरी तुटू नये म्हणून गळाच्या आधी तारेचा तुकडा जोडतात. तो इतका क्वचित लागतो की दहा हजार फेकींनंतर मिळणारा मासा अशी त्याची ख्याती आहे. आमिषाचा पाठलाग करत तो नावेपर्यंत येतो, म्हणून शेवटी काठीचे टोक पाण्यात बुडवून इंग्रजी आठाच्या आकारात फिरवण्याची रीत तेथे आहे.

बासचा नर शेपटीने तळ साफ करून घरटे करतो व अंडी-पिल्ले राखतो. या बाबतीत तो मरळाचा जवळचा जोडीदार ठरतो. राखणारा नर उचलला की आसपासचे लहान मासे काही मिनिटांतच घरट्यावर धाड घालतात, असे तेथील अभ्यासकांना आढळले आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील बऱ्याच पाण्यांत विणीच्या काळात बास पकडण्यास बंदी असते. मस्की पिल्ले राखत नाही, पण तो सावकाश वाढतो. म्हणून अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात बहुतेक पाण्यांत 54 इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे 137 सेंटिमीटरपेक्षा, लहान मस्की ठेवून घेता येत नाही. माशाच्या जीवनक्रमानुसार नियम ठरवण्याची ही उदाहरणे आहेत.

याच्या उलट, मरळाचे भाऊबंद अमेरिकेत उपद्रवी ठरले आहेत. 2002 मध्ये मेरिलँड राज्यातील क्रॉफ्टन येथील तळ्यात चीनकडील मरळाची जात आढळली आणि ती नष्ट करण्यासाठी तळ्यात विष घालण्यात आले. त्याच वर्षी जिवंत मरळांच्या आयातीवर अमेरिकेने बंदी घातली. फ्लोरिडा राज्यातील कालव्यांत फुलमरळासारखा मरळ पसरला असून तेथे तो बासबरोबर गळाला लागतो. जो मासा आपल्या मूळ पाण्यात जपावा लागतो, तोच परक्या पाण्यात संकट ठरू शकतो. म्हणून पाळलेले किंवा उरलेले जिवंत मासे दुसऱ्या जलाशयात सोडू नयेत.

व्यवसाय आणि हक्क

महाराष्ट्रातील जलाशय व तलावांतील मासेमारीचे हक्क सामान्यतः मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. संस्था तलावात मत्स्यबीज सोडतात आणि सभासद जाळ्याने मासे काढतात. त्यामुळे ठेक्याच्या पाण्यात गळ टाकण्यापूर्वी संबंधित संस्थेची अनुमती घेणे आवश्यक असते. ज्याला ही करमणूक वाटते, त्याच पाण्यावर दुसऱ्याचे घर चालते.

संस्थांनी सोडलेले बीज बहुधा कटला, रोहू व मृगळ यांचे असते. डॉ. हिरालाल चौधरी यांनी 10 जुलै 1957 रोजी संप्रेरकाच्या साहाय्याने या माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. त्यानंतर बीज मोठ्या प्रमाणावर मिळू लागले. 10 जुलै हा दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. मरळ मात्र ही बोटुकली खातो, म्हणून संवर्धन तळ्यांत तो नकोसा समजला जातो. बीज सोडण्यापूर्वी मोहाची पेंड टाकून असे शिकारी मासे काढून टाकण्याची शिफारस असते.

दुसरीकडे बाजारात मरळाला कार्प माशांपेक्षा चांगला भाव मिळतो. त्यात काटे कमी असतात, मांस घट्ट असते आणि ओल्या गोणपाटात किंवा थोड्या पाण्यात तो जिवंत विकता येतो. आजारातून उठलेल्या माणसाला मरळाचा रस्सा देण्याची प्रथा अनेक प्रांतांत आहे. मरळाचे स्वतंत्र संवर्धनही होते, परंतु पिल्ले एकमेकांना खातात, त्यामुळे त्यांची आकारानुसार सतत निवड करावी लागते.

कायदे आणि निर्बंध

1897 च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने स्फोटके किंवा विष वापरून मासे मारणे गुन्हा ठरवले. जाळ्याच्या आसांचा आकार, मासेमारीचा बंद काळ आणि ठरावीक पाण्यात जास्तीत जास्त दोन वर्षे मासेमारी बंद ठेवणे याविषयी नियम करण्याचा अधिकार या कायद्याने राज्य शासनांना दिला. हिंगणबेट किंवा गेळ यांची फळे कुटून डोहात टाकण्याची जुनी रीतही विषप्रयोगातच मोडते.

किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या समुद्रातील मासेमारीस बंदी असते व ती सर्वांना परिचित आहे. ही बंदी समुद्रापुरती आहे. मरळाची वीणही याच दिवसांत सुरू होत असल्याने गोड्या पाण्यातही या काळात संयम पाळणे शास्त्राला धरून आहे.

बेडकांच्या पायांची निर्यात भारताने 1987 मध्ये बंद केली. पिकांवरील किडे खाणाऱ्या बेडकांची संख्या घटल्याचा अनुभव त्यामागे होता. आमिषासाठी जिवंत बेडूक पकडण्याऐवजी रबरी बेडूक वापरल्यास हाच हेतू साधतो. काटेपूर्णासारख्या अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय प्रवेश किंवा मासेमारी करू नये.

धोके आणि संवर्धन

जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत साधा मरळ तूर्त कमी चिंतेच्या गटात आहे. जात म्हणून तो संकटात नसला, तरी एखाद्या गावाच्या तलावातून तो नाहीसा होऊ शकतो. पाणथळ काठांवर अतिक्रमण, पाणगवताचा सरसकट नाश, शेतातून वाहत येणारी कीटकनाशके आणि उन्हाळ्यात डोहाचा शेवटचा थेंबही उपसणे ही त्याची प्रमुख कारणे होत. 1988 मध्ये ईशान्य भारतातून देशात शिरलेल्या व्रणरोगाने मरळ माशांना मोठा फटका बसला. या रोगात एका बुरशीसदृश जीवामुळे माशाच्या अंगावर खोल जखमा होतात.

तलावात विजेची तार सोडून मासे मारण्याचा प्रकार माशांइतकाच माणसांसाठीही जीवघेणा आहे. त्यात लहानमोठे सर्व जलचर एकदम मरतात आणि पाण्यात उतरलेला माणूसही वाचत नाही.

मरळाच्या संरक्षणासाठी खर्चिक योजनेची गरज नाही. आटत्या तलावात एक खोल डोह न उपसता राखणे, काठावरचे काही पाणगवत तसेच ठेवणे, चढणीचे मासे न मारणे आणि पिल्लांचा थवा दिसल्यास ते पाणी महिनाभर मोकळे सोडणे, एवढे गावपातळीवर सहज करता येते. महिनाभराने थवा विखुरतो, पिल्ले आडोशाला जातात आणि त्यांतील वाचलेली पुढील उन्हाळ्यांत मोठी होऊन त्याच काठावर दबा धरतात. त्या पाण्यात पुन्हा गळ टाकता यावा, यासाठीची ही किमान अट आहे.